ड्रायव्हरच्या बाजूचा मुका खांब

नारळ फुटायच्या आधीच माझी बोटं वळवळली आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या बोळात पांढरी गाडी उभी होती. जुनीच, पण इतकी चकचकीत, की शेजारच्या काकू तिच्या काचेत बघून पदर सारखा करत होत्या. चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. बायको बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होती. गाडी तिचीच. ती कुंभारीच्या शाळेत शिकवते. इतकी वर्षं बसनं, वडापच्या जीपनं, कधी कुणाच्या दुचाकीमागे बसून गेली. पन्नाशीला टेकल्यावर ड्रायव्हिंग शिकली आणि आता सोमवारपासून रोज एकटी गाडी हाकत जाणार होती.

गाडी पसंत केली होती तिच्या थोरल्या भावानं. माझ्या सासुरवाडीत गाड्यांच्या बाबतीत अण्णांचा शब्द शेवटचा. कुणी स्कूटर घेवो की ट्रॅक्टर, अण्णा तिच्याभोवती एक फेरी मारणार, टायरला लाथ घालणार आणि मान हलवणार, की सौदा पक्का. या गाडीलाही त्यांनी लाथ घातली होती, मानही हलवली होती.

"डॉक्टरची गाडी हाय," ते बोळाला ऐकू जाईल असं सांगत होते. "एक ओरखडा दावा कुणीबी!"

आता माझं सांगतो. मी भजनात पखवाज वाजवतो. रिकामा हात आणि समोर काही पोकळ, एवढं जमलं की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. उदबत्ती फिरवायला गाडीची चारी दारं उघडी होती. मी डावीकडून निघालो. दोन दारांच्या मधल्या उभ्या खांबावर बोटं मारली. टक्क! छान. वळसा घालून उजवीकडे आलो. ड्रायव्हरच्या खांद्यापाशी येतो, त्या खांबावर मारली.

भद्द.

पुन्हा मारली. भद्द. खाली दाराच्या उंबऱ्याला मारली. तिथंही भद्द.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आम्ही ओली कणीक लावतो. ती जास्त झाली की तोंड असंच गच्च होतं, बोलतच नाही. म्हणजे या खांबाला कुणीतरी कणीक लावली होती.

"दाजी," अण्णा हसत म्हणाले, "गाडी हाय ती, पखवाज न्हाय!"

सगळा बोळ हसला. मीही हसलो आणि हसत हसत घरात गेलो. फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक खिशात टाकलं आणि बाहेर आलो. बॉनेटला लावलं, चिकटलं. डाव्या खांबाला लावलं, चिकटलं. उजव्या खांबाला लावलं आणि हात काढला.

आंबा टपकन खाली पडला.

आता कुणी हसेना. "चायनाचं आसंल चुंबक," अण्णा म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती. मी आंबा उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. एव्हाना मला त्यात थोडी गंमत वाटायला लागली होती, ती बायकोकडे बघेपर्यंत. ती हातात आरतीचं ताट धरून त्या खांबाकडे बघत होती. खांबाच्या वरच्या टोकाला सीटबेल्टचा बोल्ट होता.

तिनं ताट खाली ठेवलं. "नारळ राहू दे. आधी हे उघडून बघायचं."

"बाई, लोकं बघायलीत की!" अण्णा म्हणाले.

"बघू दे. या गाडीत मी बसणार हाय, लोकं न्हाईत."

एरवी ती शुद्ध बोलते. रागावली की माहेरची भाषा येते.

होटगी रस्त्यावर गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरकडे आम्ही गेलो. गाडी मी चालवली, गोगलगायीसारखी. बायको मागे, अण्णा माझ्या शेजारी. वाटेत ते गाडी विकणाऱ्या एजंटाला फोन लावत होते आणि फोन बंद असल्याचं ती फोनमधली बाई पुन्हा पुन्हा गोड आवाजात सांगत होती.

डेंटर मोठा बोलका माणूस. त्यानं खांबावर अंगठा फिरवला आणि हसला. "भाबी, चलती गाडी कू कायकू खोलरे? एक हात रंग मारतूं, नवी दुल्हन दिखेगी."

अण्णांचा चेहरा उजळला. "बघ! हा पण तेच म्हणतोय."

"मला नवरी नको," बायको म्हणाली. "खरवडा."

त्यानं खांदे उडवले आणि मशीन लावलं. पांढरा धुरळा उडाला. पत्रा ठोकून सरळ न करता वरून थापलेली ती लांबी, म्हणजे पुट्टी होती, गिलाव्यासारखी जाड. घासतोय, घासतोय, पत्रा लागेचना. मग त्यानं मशीन बंद केलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

डेंटरचं बोलणं थांबलं. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा.

चिमट्यानं त्यानं आतून काहीतरी ओढून काढलं. कडक झालेलं कापड, निळ्या-लाल पट्ट्यांचं. सोलापुरी चादरीचा तुकडा! पत्र्याला पडलेल्या भोकात बोळा कोंबून वर लांबी फासली होती. आमच्या गावची चादर लोकांनी कुठं कुठं नेलेली मी पाहिली आहे, पण गाडीच्या खांबात घातलेली पहिल्यांदाच पाहिली. विनोद ओठावर आला होता. गिळला.

कारण बायको ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली होती. तिनं सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला, पाय टेकवले आणि हिसका दिला. नुसता एक हिसका. करकर आवाज झाला आणि बोल्ट, त्याला चिकटलेल्या लांबीच्या ढेकळासकट, तिच्या मांडीवर येऊन पडला.

तिनं तो बोल्ट उचलून अण्णांच्या हातात दिला. ते तिथल्या एका जुन्या टायरवर बसले आणि तो उलटसुलट करून बघू लागले.

"मी टायरला लाथ मारली गं, बाई," ते म्हणाले. "खांबाला हात सुदिक लावला न्हाय."

"माझ्या लक्षात आलंय ते, अण्णा. आता हितंच बसा आणि नीट करून घ्या."

आणि ते बसले! खांबाचा आणि उंबऱ्याचा सडलेला पत्रा कापून काढताना, नवा तुकडा बसवताना, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना अण्णा तिथून हलले नाहीत. डेंटर जरा घाई करायला लागला की खाकरायचे. काम संपल्यावर त्यांनी बेल्ट धरला, एक पाय उंबऱ्याला लावला आणि चेहरा लालबुंद होईस्तोवर ओढला. गाडी डुलली, बोल्ट हलला नाही. मग माझ्याकडे वळले. "वाजवा, दाजी."

मी वाजवलं. टक्क!

डेंटर रंगाचा डबा उघडायला गेला, तर बायकोनं अडवलं. गंज चढू नये म्हणून मारलेला तांबडा प्रायमर तेवढा राहू दे म्हणाली. वेल्डिंगचे टाके तिला दिसायला हवे होते. पांढऱ्या गाडीला उजव्या कुशीला तांबडं ठिगळ, असं आमचं ध्यान सोमवारी कुंभारीच्या रस्त्याला लागलं. ती चालवत होती, पहिल्या दिवसापुरता मी शेजारी. काही उपयोग नसताना मी पाय दाबून ब्रेक मारत होतो.

गावाच्या अलीकडे बाभळीआडून मेंढरं एकदम रस्त्यावर आली. तिनं ब्रेक मारला. ती पुढे झेपावली आणि पट्ट्यानं तिला खांद्याशी गच्च धरून जागेवर आणलं. मी खांबाकडे बघितलं, तिनंही बघितलं. सगळं जिथल्या तिथं होतं.

मेंढरांमागून मेंढपाळ आला. गाडीच्या कुशीकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "बाई, गाडी लई ब्येस हाय. एवढं ठिगळ तेवढं रंगवून घ्या की!"

"न्हाई," बायको म्हणाली आणि गिअर टाकला. "अख्ख्या गाडीत तेवढंच बघून घेतलंय."