यादीतून खोडलेली बाई

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळच्या एका शाळेत शिकवत होते आणि शाळा सुटली की मतदार यादीचं काम करत होते. माझ्या भागात कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे टिनाच्या खोल्या होत्या. खेड्यात काम उरलं नाही म्हणून आलेली माणसं तिथं भाड्यानं राहायची. मागच्या निवडणुकीत त्या खोल्यांमधून अगदी मोजकी माणसं मतदानाला आली होती. या वेळी सगळ्यांना आणायचंच, असं मी मनाशी धरलं होतं.

तिथल्याच एका खोलीत तिशीतली एक बाई एकटी राहायची. तिचा नवरा लोकांच्या शेतात फवारणीला जायचा. कपाशीवर फवारतानाच त्याला विषबाधा झाली आणि पाच दिवसांत तो दवाखान्यातच वारला. त्याचं नाव यादीतून काढायचा अर्ज मी तिच्या दारात बसून भरला. तिनं मृत्यूचा दाखला आणून दिला. सही करताना तिचा हात थांबला, तेव्हा मी तिला घाई केली. अजून बरीच घरं बाकी होती.

नंतर मतदानाचं सांगायला गेले, तर ती नको म्हणाली. मत देऊन आजवर कोणाचं काय भलं झालं, असं तिनं विचारलं. मी तीनदा गेले. नवरा गेला तेव्हा कोणी विचारपूस केली नाही असं तुम्ही म्हणता, मग ते सांगायची हीच एक जागा आहे, असं तिला समजावलं. शेवटी ती कबूल झाली. शेजारच्या चौघींनाही तिनंच तयार केलं.

मतदानाच्या सकाळी मी केंद्राबाहेर टेबल मांडून बसले होते. त्या पाचही जणी ठेवणीतली पातळं नेसून आल्या. ती पुढे होती. मी यादी उघडली. तिच्या नावावर आडवा शिक्का होता, ‘वगळले’. वरच्या ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव फोटोसकट तसंच होतं.

दोघांचे अनुक्रमांक लागोपाठचे होते. अर्जावर मी त्याच्याऐवजी तिचा लिहिला होता.

तिला थोडंफार वाचता यायचं. तिनं यादी स्वतःकडे वळवली, नवऱ्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मी आत जाऊन केंद्राध्यक्षांना विनवलं. मग ऑटो करून तहसील गाठलं. चूक माझी आहे, लेखी देते, हवी ती शिक्षा करा, पण तिला मत देऊ द्या, असं साहेबांना हात जोडून म्हटलं. लेखी द्या, ते म्हणाले, पण यादी आज कोणालाच बदलता येत नाही.

परत आले तेव्हा उन्हं डोक्यावर होती. त्या पाचही जणी कडुनिंबाखाली बसून होत्या. चौघींपैकी कोणीही रांगेत लागलं नव्हतं. मी तिला सगळं खरं सांगितलं.

“तुमच्याच हातानं झालं?” तिनं विचारलं.

“हो, ताई. माझ्याच.”

“त्याले जित्तं ठेवलं न् मले मारलं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बाई, मी तं जित्ती आहो न. तुम्हीच आलत्या न बोलवाले?”

मी निदान त्या चौघींनी तरी मत द्यावं म्हणून गयावया केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली, तशा त्याही उठल्या आणि पाचही जणी खोल्यांकडे चालू लागल्या. मी काही अंतर मागे गेले, पण टेबल सोडून फार लांब जाता येईना.

पुढे मी तिचा नव्यानं अर्ज भरला. काही महिन्यांनी कार्ड आलं, ते मी स्वतः नेऊन दिलं. तिनं ते घेतलं आणि पाणी विचारलं. माझ्यावर कारवाई झाली नाही. अशा चुका होतात, असं सगळे म्हणाले आणि ते ऐकणं मला जास्त जड गेलं.

त्यानंतरच्या निवडणुकीत तिचं नाव यादीत नीट होतं. आदल्या दिवशी मी तिच्या दारापर्यंत गेले, पण या म्हणायला तोंड उघडेना. मतदान संपेपर्यंत टेबलाशी बसून राहिले. त्या पाच जणींपैकी एकही आली नाही.