रिपोर्ट नाही, गाठ विचारणारी शकुन

सकाळी फोनवर शकुनचं नाव दिसलं आणि मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पौर्णिमेला अजून अवकाश होता. मग आज काहून फोन केला हिनं, असं पुटपुटत मी पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावून बोलूनही टाकलं, "काय वं शकुन, तारीख चुकली का तुझी?" पलीकडे शकुन नव्हती. तिची सून वैशाली होती, सासूच्या फोनवरून बोलत होती. म्हणाली, "मामीजी, आई उठल्याच नाहीत." मी तरी म्हणते काय, "उठव ना मंग." माणूस किती वेडं असतं पाहा. मला वाटलं, बीपीच्या गोळीनं डोळा लागला असेल. वैशाली पलीकडे रडायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं... झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जी बाई सगळ्यांना हलवून हलवून उठवायची, ती अशी कुणालाही न उठवता गेली.

शकुन माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "वैनी, तुले खरंच भाजी येत नाही का पुन्हा कोणी सांगू नये म्हणून मुद्दाम बिघडवतेस?" असं तिचं बोलणं. मनात एक आणि तोंडात दुसरं असं तिच्याजवळ नव्हतंच, मनात आलं की ते थेट तोंडातूनच बाहेर यायचं. लग्न होऊन ती वाडीला गेली, शहराच्या टोकाला, गोदामांच्या वस्तीत. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये होता, तो लवकर गेला. मग घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढून तिनं त्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. गोदामांवर काम करणारी माणसं, ट्रकवाले, कुणी बिहारचा, कुणी राजस्थानचा. त्यांच्याशी बोलताना तिची हिंदी अशी काही व्हायची की ट्रकवाल्यांनाही हसू आवरायचं नाही. पण महिन्यातून एकदा ती प्रत्येक खोलीत जाऊन यायची म्हणजे यायचीच. भिंतीला ओल आली का, वायरीला वायर जोडून शेगडी चालवून राहिले का, दाराची कडी लागते का. ह्यांनी एकदा तिला म्हटलं, "शकुन, कागदं तर सगळी साफ आहेत ना त्यांची, मग दर महिन्याला काय पाहतेस?" तर म्हणाली, "दादा, कागद सगळ्याचेच साफ राहतात. मी खोली पाहतो."

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे ते, हे काय माहीत.

झालं असं, की एकदा आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या थोडं खाली, माझ्या हाताला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं. दुखत नव्हतं. मी हात काढून घेतला, पुन्हा लावला, पुन्हा तिथंच. त्या दिवशी मी वरण दोनदा खारट केलं. कुणाला सांगायचं हे कळेना. साठी उलटलेल्या बाईनं मुलाला काय सांगायचं असलं? शेवटी ह्यांना सांगितलं. हे दुसऱ्याच दिवशी मला घेऊन धंतोलीतल्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, म्हणाल्या, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन मला परत दाखवा. केलं सगळं. त्या मशीनच्या पाट्यांमध्ये जीव चेपला गेला माझा, ते सांगत नाही. रिपोर्ट आला. हे तिथंच पायऱ्यांवर उभं राहून चष्मा वर-खाली करत वाचायला लागले, आणि नॉर्मल हा एक शब्द सापडल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी दोनदाच पाहिलं असेल. त्या पाण्यापुढे, आता रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंना परत दाखवायचा आहे, हे मला सुचलं नाही आणि ह्यांनाही नाही. आम्ही ऑटो करून सरळ घरी आलो.

आणि घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं की येत्या पौर्णिमेला वस्तीतल्या बुद्ध विहारात आपल्याकडून खीर. मी म्हटलं, "तुमीच तर सांगत राहता, आपल्यात नवस नसते." तर म्हणाले, "हा नवस नाही. हे दान आहे." "दान आहे तर रिपोर्टच्या आधी काहून नाही दिलं?" यावर ते अंगणात निघून गेले. तर मोठ्या गंजात खीर झाली, अख्ख्या वस्तीला पुरेल एवढी. वंदना झाली आणि ह्यांनी उभं राहून सांगितलं की आमच्या घरच्यांची तब्येत नॉर्मल निघाली, म्हणून ही खीर. कशाची तब्येत ते नाही सांगितलं, पण बायकांना काय सांगावं लागतं... एकेक जण द्रोण घेऊन येत होती, माझा हात हातात घेत होती, "बरं झालं बाई, सुटलीस" म्हणत होती. मी हसत होते. आणि गाठ तिथंच होती. सकाळीच आंघोळीत पुन्हा लागली होती हाताला. पण आता ते कुणाला सांगणार? शंभर तोंडांनी खीर खाल्ली होती माझ्या बरं असण्याची. ती तोंडं पुसायच्या आत मी कसं म्हणू, की अहो, आहे अजून?

शकुन माझ्या शेजारी उभी राहून ओगराळ्यानं खीर वाढत होती. पौर्णिमेला ती वाडीहून माहेरच्या विहारात यायचीच, पांढरी साडी, खांद्याला ती जुनी कापडी पिशवी. गाठीचं तिला ह्यांनी फोनवर सांगितलं होतं. गर्दी जरा ओसरली तशी माझ्याकडे न पाहताच तिनं विचारलं, "गाठ गेली का वं वैनी?"

मी म्हटलं, "रिपोर्ट नॉर्मल हाय."

"मी रिपोर्ट नाही विचारला. गाठ विचारली."

मी द्रोण सरळ करत राहिले. डोळे भरून आले होते, ते तिनं पाहिले असणार. समोर एक म्हातारी दुसऱ्यांदा द्रोण घेऊन आली, शकुननं तिला वाढलं, "खा मावशी, पोट भरून खा" म्हटलं, आणि मग खालच्या आवाजात मला, "कागदाची खीर झाली आपली. गाठीची बाकी हाय. सोमवारी मी येतो, आपण दोघी जाऊ." मी म्हटलं, हे काय म्हणतील, एवढी खीर वाटली. तर म्हणाली, "खीर काय वाया गेली? लोकाइच्या पोटात गेली."

सोमवारी ती खरंच आली. ह्यांना तिनंच सांगितलं, माझी हिंमत नव्हती. हे आधी चिडले, मग दाराशी आमच्या चपला सरळ करून ठेवल्या. ह्यांची माफी मागायची तीच पद्धत आहे. धंतोलीत डॉक्टरीणबाई मुळीच रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी वाटच पाहत होते तुमची. पुष्कळ जणी रिपोर्ट चांगला आला की येत नाहीत." मग त्यांनी नीट समजावलं. फोटोत काही दिसलं नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण प्रत्येक गाठ फोटोत दिसतेच असं नाही. हाताला लागते आहे तर तिला तसंच सोडायचं नाही, सुईनं तुकडा काढून तपासून घ्यायचा. शकुन मध्येच म्हणाली, "म्हणजे खोली पाहायची." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला मात्र तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या हसू आलं, आणि सुई टोचली तेव्हा मी हसतच होते थोडी.

सुईचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. शकुन फोन करायची पण धीर बिलकुल द्यायची नाही. बाकी सगळे म्हणायचे, काही नाही होणार, चांगला विचार कर. ही म्हणायची, "भेव लागून राहिलं का?" मी म्हणायची, "हो वं, लय." "लागू दे. मलेही लागून राहिलं. काय भाजी केली?" इतकंच. पण तुम्हाला सांगते, माझी भीती खरी मानणारी तेवढी एकच बाई होती. दुसऱ्यांच्या धीरानं मी एकटी पडायची आणि हिच्या भेवानं मला सोबत व्हायची.

रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ आहे ती आहे, काढायची घाई नाही, ठरल्या वेळेला इथं दाखवायला या आणि घरी महिन्यातून एकदा हातानं पाहत जा. वाढली, कातडी ओढल्यासारखी झाली, काही वेगळं वाटलं, तर वाट न पाहता या. बाहेर आल्यावर मी शकुनला म्हटलं, "म्हणजे झालं काय नेमकं? हाय का नाही?" मला वाटलं होतं, या दारातून बाहेर पडताना एक काहीतरी ठरलेलं असेल. आता ही गाठ घेऊन जगायचं, रोज तिच्याकडे कान लावून बसायचं, हे कसं जमणार? शकुन पायरीवर बसली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली आणि म्हणाली, "भाडेकरू समज. कागद साफ हाय त्याचे. राहू दे. रोज जाऊन दार नाही वाजवायचं त्याचं, त्यानं आपलंच डोकं खराब होते. महिन्यातून एकदा खोली पाहायची. पौर्णिमेले. बाकी दिवस तू तुझ्या घरात, तो त्याच्या खोलीत."

तेव्हापासून दर पौर्णिमेला सकाळी तिचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "पाहिलं का वं?" मी म्हणायची, "पाहिलं. हाय तिथंच हाय. हाय तेवढीच हाय." "बसू दे मंग भाडेकरूले," म्हणायची आणि ठेवून द्यायची. मग दुपारी विहारात भेटायची तेव्हा त्या विषयाचं नावही काढायची नाही. कधी माझ्याकडून आंघोळीत पाहायचं राहून जायचं, तर ती फोन चालूच ठेवायची. "जा, पाहून ये, मी थांबतो." आणि मी खरंच जायची. फोन इथं ओट्यावर ठेवलेला, तिकडे वाडीत ट्रक मागे घेतल्याचा आवाज, ही कुणावर तरी ओरडते आहे, "अरे भैया, उधर पानी मत सांडो"... मी परत येऊन म्हणायची, "हाय तेवढीच हाय." महिन्याचे बाकीचे दिवस मी त्या गाठीला विसरून जायला शिकले. हे साधं नाही. कुणीतरी आपल्या बदल्यात तारीख लक्षात ठेवली, म्हणून ते जमलं.

ती गेल्यावर चार-पाच दिवसांनी पौर्णिमा आली. मी हात लावला नाही. म्हटलं, घरात दुःख आहे, सुतकासारखंच आहे, पुढच्या वेळी पाहू. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आले-गेले. पुढची पौर्णिमाही आली आणि गेली. फोन वाजला नाही. आंघोळीला जायची, हात दंडापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. खरं सांगू का, गाठीचं भेव नव्हतं. पाहिल्यावर सांगायचं कुणाला, त्याचं भेव होतं. आणि समजा मोठी लागली असती, तर "भेव लागून राहिलं का" म्हणून विचारणारं कोण होतं आता... ह्यांना वाटत होतं मी पाहतेच आहे. मी वाटू दिलं.

परवाच्या पौर्णिमेला वैशाली वाडीहून आली, एकटीच. आमच्या विहारात ती अशी पहिल्यांदाच येत होती. पांढरी साडी, आणि खांद्याला शकुनची ती पिशवी. वंदना झाल्यावर माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली, नेमकी शकुनच्याच जागी, तिला माहीत नसताना. मी विचारलं, "खोल्या पाहून आली का वं?"

"खोल्या पाहिल्या मामीजी," ती म्हणाली. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, हळूच, "ते नाही पाहिलं. दोन महिने झाले."

मी तिच्याकडे वळले. "ते म्हंजे? तुलेही विचारायची का ती?"

"सगळ्याइले विचारायच्या आई. मले, शेजारच्या काकूले, खालच्या खोलीतल्या बिहारच्या ताईलेसुद्धा. दर पौर्णिमेले. तुमाले पहिला फोन लावायच्या, मंग आमचा नंबर."

आता हसावं का रडावं? इतके दिवस मला वाटत होतं, तो प्रश्न माझ्या एकटीचा आहे. जरा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "मंग आता कोण विचारते तुमाले?" वैशाली म्हणाली, "कोणीच नाही." आणि ते ऐकून माझ्याच तोंडून निघून गेलं, अगदी शकुनच्याच तोऱ्यात, "घरी गेल्या गेल्या पाहायचं. पाहून मले फोन करायचा. मी थांबतो."

घरी येताना वाटेत लक्षात आलं, की पोरीचा फोन येईल तेव्हा ती मलाही विचारेलच. तेव्हा काय सांगू, नाही पाहिलं म्हणू? पांढरी साडीही न बदलता मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

बाहेर आले तेव्हा हे दाराशी उभे होते, फोन हातात धरून. वाजत होता. त्यावर शकुनचं नाव होतं, मी ते बदललेलं नाही. ह्यांचा चेहरा कसातरीच झाला होता, बहिणीचं नाव असं उजळलेलं पाहून. मी त्यांच्या हातून फोन घेतला.

"पाहिलं मामीजी," वैशाली म्हणाली. "काही नाही लागलं. तुमी पाहिलं का?"

"पाहिलं," मी म्हटलं. "हाय तिथंच हाय. हाय तेवढीच हाय."

पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला.

"बसू द्या मंग," ती म्हणाली.