फ्लेक्सची कोरी बाजू

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

वाकोल्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. बॅकग्राउंडला मी घरातलंच काहीतरी लावतो, चादर, चटई, साडी. आज पोटमाळ्यावर सामानावर झाकलेला जुना फ्लेक्स काढला आणि उलटा टांगला. कोणाचा आहे ते बघितलंच नाही, मागची बाजू पांढरी होती एवढंच बघितलं.

शेजारच्या मावशी फोटो काढायला आल्या. मी मागचा लाइट लावला आणि फ्लेक्समधून एक चेहरा उमटला. त्यांच्याच मुलाचा, सुमितचा. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा नाक्यावर लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता तो.

मी फ्लेक्स उतरवायला धावलो.

"राहू दे रे," मावशी म्हणाल्या. "असाच काढ. दोघांचा येईल."

आता बघतोय, तर समोरच्या फ्लॅशने मागे नुसतं पांढरं आलंय.

संध्याकाळी मावशी फोटो न्यायला येतील. काय सांगू त्यांना?