कंसातल्या ओळी

वाजवायच्या पेटीच्या खोक्यात जुनं स्तोत्रांचं पुस्तक सापडलं. पानांना अजून मेणबत्तीचा वास आहे, आणि एका स्तोत्रातल्या चार ओळींभोवती पेन्सिलीचा कंस. कंसातलं गाळायचं, असा रिवाज. तो कंस बघून आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण तो मीच घातला होता.

नव्वदच्या दशकातला मे महिना होता. नंदाखालजवळच्या आमच्या वाडीत क्रूसाच्या सणाची प्रार्थना चालली होती. फिलूमावशी स्तोत्र गात होती, मी पेटीवर होतो, आणि प्रत्येक कडव्यानंतर लोक 'प्रभू दयाळू आहे' म्हणत होते. पहिल्या खुर्चीत टँकरवाला बसला होता; मंडप त्याचाच, म्हणून तर मी आधीच तो कंस घालून ठेवला होता. विरारच्या इमारतींसाठी तो इतकं पाणी उपसायचा की मावशीची विहीर खारट झाली, केळी करपल्या.

कंसापाशी मावशी थांबलीच नाही. दुष्टांचे दात पाड, असं देवाला विनवणाऱ्या त्या ओळी ती थेट त्याच्याकडे बघत गाऊ लागली. गायनमंडळाच्या मास्तरांनी मला खुणावलं. मी ध्रुवपदाची चाल धरली, आणि सवयीने सगळ्यांनी ती उचलली. मावशीचा आवाज त्यात बुडाला.

"उरलेलं कोण म्हणणार रे?" तिने नंतर मला विचारलं.

"मावशी, देवासमोर असलं शोभत नाही."

शोभत नाही म्हणे! यहुद्यांनी हजारो वर्षं ही स्तोत्रं रागासकट जपली, आणि मी एका मंडपापायी त्या स्तोत्रांचेच दात पाडले. देव ऐकायला बसला होता. पेटी वाजवून मावशीचा आवाज मी दाबला.