पंपाचा आवाज

मिस्त्रीचा कान अख्ख्या रस्त्यावर नावाजलेला होता. चावी फिरवली की गाडीतला पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो, तेवढ्यावरून तो गाडीचं दुखणं ओळखायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला बारीक आवाज येईनासे झाले आणि हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ती डबा घेऊन यायची आणि आलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर, पंपाच्या बरोबर वर, ठाण मांडून बसायची. लग्नापासून तिचं एकही न ऐकणारा माणूस आता तिच्याच कानांनी ऐकत होता.

आज एका शिक्षिकाबाईंची गाडी आली होती. चढावर ती धापा टाकायची. मिस्त्रीने प्रेशरचं मीटर लावलं, तर काटा निम्म्यावरच अडला.

"दोन गॅरेजवाले म्हणाले, पंपच बदला," बाई म्हणाल्या.

"दोघांच्या डोक्यात भुसा भरलाय," मिस्त्री खेकसला. चावी फिरवून त्याने आरशात पाहिलं. मागे बायकोने स्वतःचा गळा चिमटीत धरला होता. म्हणजे पंप धडधाकट होता, पुढे कुठेतरी तुंबलं होतं.

त्याने फिल्टर काढला. आतून काळा गाळ निघाला. नवा बसवताच काटा सरसर चढला.

"कान फार तयार आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या.

एरवी मिस्त्रीने नुसती मान डोलावली असती. आज त्याने हात पुसले आणि मागचं दार उघडलं.

"कान हा इथे बसलाय," तो म्हणाला.

बायकोने डब्याचं घट्ट झाकण उगाचच पुन्हा दाबलं.