मठाच्या शेतातला चौकोन

खटकचिंचोळीजवळच्या आमच्या एका शेताला सगळे ‘मठाचं शेत’ म्हणतात. काही शतकांपूर्वी तिथे एका मठाची शेती होती, गोठे होते, कोठारं होती म्हणे. आज बघावं तर नुसती तूर. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. गाडलेल्या भिंतीवर माती कमी असते, म्हणून तिथलं पीक आधी सुकतं आणि आकाशातून पाहिलं की भिंतीची रेघ दिसते, हे मी वाचलं होतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच शेतावर अडलं होतं.

लग्नांत ड्रोन उडवणाऱ्या एका फोटोग्राफरला गळ घातली. फोटोत तुरीच्या मधोमध गर्द हिरवा चौकोन निघाला, फूटपट्टीने आखल्यासारखा. मी हरखलेच. हा मठाचा गोठा, जुन्या शेणाने माती अजून कसदार आहे, असा अर्थही लावून टाकला. फोटो मोठा करून भिंतीला लावला आणि येईल त्याला दाखवला. माझे सासरे, अप्पा, चष्मा पुसून पुसून तो बघायचे आणि काही न बोलता उठून जायचे. यांना त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी प्रकरण मार्गदर्शकांना द्यायला निघाले. अप्पा स्टँडपर्यंत सोडायला आले आणि बस दिसायला लागल्यावर म्हणाले, “माय, त्ये मठाचं न्हाई. उन्हाळ्यात तितं मेंढरं बसवलो होतो.”

आमच्याकडे खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवतात, भोवती जाळी लावून. माझा चौकोन त्या जाळीचा होता. मी भडकले. दोन दिवस तोंड शिवून का बसलात, असं चारचौघांत विचारलं.

“तू लई खुशीत होतीस. कामून मोडू म्हनलो.”

बस सोडून दिली. प्रबंध मिटून ठेवला. अप्पांनी मात्र परत फोटो कधी काढायचा, एवढंच दोनदा विचारलं.

पुढच्या वर्षी पावसाने ताण दिला तेव्हा पुन्हा ड्रोन उडवला. चौकोन गायब होता. त्याच्या जागी पिवळट रेघा होत्या: शेजारी शेजारी दोन खोल्या आणि एक लांबच लांब भिंत. मी फोन घेऊन शेतात धावले. अप्पांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग मी विचारलं, यंदा मेंढरं कुठे बसवली?

“दुसऱ्याच्या रानात लावून दिलो. औंदा खतच टाकलो न्हाई. तुझ्या भिंती झाकल्या असत्या.”

तेव्हा कुठे मी फोनवरून नजर काढून पीक पाहिलं. शेजारच्या रानात तूर डोक्याच्या वर गेली होती. आमची अप्पांच्या कमरेला लागत होती.