मी न जोडलेला चिमटा

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत रस्त्यांचा भरवसा नव्हता. काल संध्याकाळी ज्या रस्त्याने घरी आलो, तो सकाळी खणून ठेवलेला असे. कधी पाइप टाकायचे म्हणून, कधी केबल टाकायची म्हणून, तर कधी आधी चुकीचं खणलेलं दुरुस्त करायचं म्हणून. अशाच एका सकाळी, लागोपाठ दोन पाळ्या करून जेमतेम चार तास झोपलेला मी, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी कामावर निघालो आणि सायकलसकट चरात गेलो. मला थोडं खरचटलं. सायकलचा चिमटा मात्र मोडला. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन लोखंडी पाय असतात, त्यांतला डावा वरून चार बोटांवर तुटून लोंबत होता. मी चराच्या काठावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. उठावंसं वाटेना, एवढंच.

सायकल माझी होती, पण तिची खरी गरज बायकोला होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या गावातून मी तिला कामगारांच्या कॅम्पातल्या एका पत्र्याच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आजूबाजूला पंजाबी, बंगाली, आंध्रातले, केरळातले. सगळे भले लोक, पण तिला त्यांचं बोलणं कळत नव्हतं आणि त्यांना तिचं. मी घरी असे तेव्हा झोपलेला असे. तिची सख्खी बहीण चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, पाच-सहा मैलांवर. गाडीच्या वेळा आणि माझ्या पाळ्या कधी जुळत नसत. म्हणून दर रविवारी मी बायकोला कॅरिअरवर बसवून चरोद्याला न्यायचो. दोघी बहिणी दिवसभर बोलत आणि मी त्यांच्या ओसरीवर घोरत पडे. तो एक रविवार तिला आठवडाभर पुरत असे.

चिमटा घेऊन मी जामुलच्या रस्त्यावरच्या सायकल मिस्त्रीकडे गेलो. छत्तीसगडी म्हातारा, अंगात बंडी, समोर मोडक्या सायकलींचा ढीग. नवा चिमटा रायपूरहून येईल तेव्हा येईल, म्हणाला. हाच पितळेने जोडून देतो, पण आठ दिवस थांब.

पितळेने! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी साधासुधा माणूस नव्हतो. मी वेल्डर होतो. कारखान्यातल्या लोखंड वितळवायच्या भट्टीच्या कवचाचे जाडजूड पत्रे मी जोडत होतो. रशियन साहेब आमच्या जोडांचे एक्सरे काढवत, माणसाच्या छातीचे काढतात तसे, आणि माझा जोड आजवर एकदाही नापास झाला नव्हता. त्या मला हा म्हातारा फुटक्या घागरीसारखा पितळेचा डाग देऊ बघत होता. मी चिमटा उचलला आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी चिमटा कारखान्यात नेला. गेटवरच्या पहारेकऱ्याने चिठ्ठीवर लिहिलं, ‘सायकल का चिमटा, एक नग, टूटा हुआ.’ जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला आडवे झाले तेव्हा मी तो जोडला. चिमट्याची नळी पातळ आणि माझ्या हातातली वेल्डिंगची कांडी जाड पत्र्यासाठीची. पहिल्याच झटक्यात नळीला भोक पडलं. मग मी भोकावर माल भरला, त्यावर आणखी भरला. शेवटी तिथे चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. दिसायला वाईट, पण मजबूत, असं मी स्वतःला सांगितलं. थकलेला माणूस स्वतःला काहीही सांगतो.

संध्याकाळी गेटवर पहारेकरी चिठ्ठी आणि चिमटा आळीपाळीने बघत राहिला. “अंदर टूटा हुआ गया था, बाहर साबुत कैसे आया?” म्हणाला. मी टेंगूळ दाखवलं. मागे शेपाचशे माणसं घरी जायला खोळंबली होती आणि ती मला शिव्या घालू लागली. शेवटी त्याने ‘टूटा हुआ’ खोडलं आणि मला सोडलं.

रविवारी बायकोने नवं लुगडं नेसलं, बहिणीसाठी पाटोड्यांचा डबा मांडीवर घेतला आणि कॅरिअरवर बसली. माझी छाती फुगलेली. निघताना मी तिला म्हटलंही, “पाहून घे, भट्टीवाल्याचा जोड हाय. जन्मभर तुटाचा नाई.” रेल्वेच्या फाटकापाशी रुळांवरून चाक गेलं आणि एक बारीकसा आवाज आला. जोड तुटला नव्हता. जोडाच्या बोटभर खाली, जिथे मी आचेने नळी करपवली होती, तिथून ती सुरीने कापावी तशी तुटली होती. मी हँडलवरून पुढे गेलो आणि बायको तोंडावर पडली.

तिचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. पाटोड्या रुळांत सांडल्या. ती रडली नाही. पदर तोंडाला लावून ती उरलेले दोन मैल बहिणीच्या घरापर्यंत चालत गेली. मागून मी पुढचं चाक खांद्यावर अडकवून, बाकीची सायकल मागच्या चाकावर ओढत होतो. मला लाज वाटत होती.

सोमवारी मी चिमटा पुन्हा म्हाताऱ्यासमोर ठेवला. त्याने टेंगळावरून अंगठा फिरवला.

“एका दोस्तानं जोडून दिलं होतं,” मी म्हणालो.

त्याने माझ्या ठिणग्यांनी डागलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या लाल डोळ्यांकडे. “दोस्त ला बता देबे,” म्हणाला, “साइकिल हा भट्ठी नोहय.” सायकल म्हणजे भट्टी नव्हे, असं त्या दोस्ताला सांग. मी मान डोलावली. आता आठ नाही, पंधरा दिवस लागतील म्हणाला. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पुढच्या रविवारी बायको चरोद्याला पायी गेली आणि पायी आली. मी सोबत होतो, पण अर्धा झोपेत. तिच्या टाचांना फोड आले. त्याच्या पुढच्या रविवारी ती गेलीच नाही. संध्याकाळी मी उठलो तर खाटेखालची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध आणलेली होती आणि तिच्यात तिची लुगडी घडी करून ठेवलेली होती.

“अजी, मले गावाले नेऊन सोडा,” ती तोंडावर पदर धरून म्हणाली. दात तुटल्यापासून ती तशीच बोले.

“कावून?”

“इथं मी कोनासाठी राहून राहिली? तुमी आले का झोपता. दिवसभर मी कोनाशी बोलू, भिंतीशी? बहिणीकडं जाता येत होतं, थे बी गेलं.”

“सायकल बनून राहिली ना. या हप्त्यात भेटन.”

“त्या सायकलीवर मले बसाचं नाई.”

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमली होती, माझ्यासारखीच. आमच्या ओळीतल्या दोन बायका तशाच गावी गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. त्यांचे नवरे खोलीत एकटे भात शिजवत आणि कुणी विचारलं की पुढच्या महिन्यात येणार म्हणून सांगत. मला तसं सांगत बसायचं नव्हतं. सुट्टी मिळाली की नेतो, असं मी म्हणालो. भट्टी तापवायची वेळ जवळ आल्यामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या आणि जन्मात पहिल्यांदा मला त्या बंद असल्याचं बरं वाटलं.

शनिवारी पाळी सुटल्यावर तसाच म्हाताऱ्याकडे गेलो आणि एका उलट्या डब्यावर बसलो. म्हटलं, आज जोडल्याशिवाय उठत नाही. त्याने माझं टेंगूळ करवतीने कापून फेकलं, कानशीने दोन्ही तोंडं साफ केली आणि नळीच्या आत लोखंडाचा एक तुकडा ठोकून बसवला. मग शेगडीच्या पंख्याचा दांडा माझ्या हातात दिला. छातीवर वेल्डरचा बिल्ला लावलेला मी त्या म्हाताऱ्याच्या शेगडीला वारा घालत बसलो. आच धिमी ठेव, म्हणून तो मला दोनदा ओरडला. लोखंड लाल झालं तसा त्याने टाकणखार टाकला, पितळेची तार टेकवली, आणि पितळ वितळून फटीत आपसूक शिरलं. त्याने काही भरलं नाही, थापलं नाही. गार झाल्यावर तिथे सुतळीएवढी एक पिवळी रेघ उरली. मला त्याचा हेवा वाटला, हे आज कबूल करतो.

रविवारी सकाळी मी सायकल दाराशी उभी केली. पेटी अजून मधोमधच होती, भरलेली. बायको बाहेर आली, खाली वाकली आणि त्या पिवळ्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

“हे कोनं जोडलं? तुमी?”

मिस्त्रीसमोर खोटं बोलायला मला क्षणही लागला नव्हता. इथे मात्र मी आधी सीट पुसली, घंटी वाजवून पाहिली, मग खरं बोललो.

“नाई. जामुलच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीनं. मी निस्ता पंखा फिरवला.”

तिने बोट पदराला पुसलं. मग आत गेली. मला पेटी सरकल्याचा आवाज आला. आता ती पेटी घेऊन बाहेर येणार, असंच मला वाटलं. ती आली तेव्हा तिच्या हातात फक्त डबा होता. पेटी खाटेखाली गेली होती. पदर खोचून ती कॅरिअरवर बसली.

मी पाय मारू लागलो. ती बसली याचा आनंद होता, आणि कशामुळे बसली ते टोचतही होतं. मी नाही जोडलं, एवढं ऐकूनच ती बसली होती. फाटक जवळ आलं तसा मी वेग कमी केला. म्हटलं, उतरून चालत जाऊ. तिने मागून माझा सदरा धरला.

“उतरू नका. चला.”

चाक रुळांवरून गेलं. काही वाजलं नाही. फाटक मागे पडल्यावर, डाव्या हाताला दूर भट्टीचा सांगाडा दिसत असताना, ती म्हणाली, “तुमी आपले भट्टीच जोडत जा. तिच्यावर कोनाले बसाचं नसते.”

आणि ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी वळून पाहिलं, तर ती तुटक्या दातावर पदर धरायला विसरली होती.